तापीचे पाणी, प्रवाळांचा चुना

समुद्राच्या पाण्याचे रसायन आणि त्यात वाढत चाललेली आम्लता या विषयावरचे मराठी पुस्तक मुंबईतून किंवा कोकणातून यावे, अशी साधारण अपेक्षा असते. हे पुस्तक जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत रसायनशास्त्र, भूशास्त्र, भूगोल आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांनी लिहिले आहे. समुद्र त्यांच्या रोजच्या पाहण्यातला नाही. तरीही या विषयावर त्यांचा हक्क आहे, असे संपादक म्हणून मला ठामपणे वाटते. खानदेशचा काळा खडक, तापीचे पाणी आणि लक्षद्वीपची प्रवाळबेटे ही सगळी एकाच हिशेबातली आहेत. तो हिशेब कसा लागतो ते आधी मांडतो, म्हणजे नव्या वाचकाला पुढच्या लेखांत वाट सापडेल.

धुळ्याहून साक्रीकडे किंवा दोंडाईच्याकडे जाताना शेताशिवारांतून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या खडकाच्या भिंती दिसतात. मैलोन्मैल लांब, दोन्ही बाजूंची जमीन झिजून गेल्यामुळे उघड्या पडलेल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या भेगांतून वर चढला, त्यांतल्या काही भेगा इथे थिजून राहिल्या. नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या या डाइकांचा समूह अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. ज्या तप्त उगमातून हा लाव्हा आला, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, उगम मागे राहिला, आणि वाटेत समुद्रतळावर ज्वालामुखींची एक रांग उभी राहिली. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस या बेटांचा पाया तीच रांग. ज्वालामुखी विझले, खचत गेले. माथ्यावरचे प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने चुना रचत वर येत राहिले. चार्ल्स डार्विनने १८४२ च्या ग्रंथात कंकणाकृती प्रवाळबेटांची उपपत्ती लावली ती अशीच, आणि पुढे १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक बेटावर खोल छिद्र पाडल्यावर शेकडो मीटर चुनखडकाखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला. सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात गेले, तर बाघच्या परिसरात लाव्ह्याच्या आधीचे सागरी चुनखडक सापडतात. समुद्र एकेकाळी आपल्या इतक्या जवळ होता.

पाया झाला खडकाचा. दुसरा धागा पाण्याचा, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा.

पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे सौम्य कार्बनिक आम्ल बेसाल्टला वर्षानुवर्षे झिजवते. खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटतात आणि हवेतला कार्बन पाण्यात बायकार्बोनेट होऊन राहतो. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावलेली तापी पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्यांना पोटात घेत ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, तेव्हा तिच्या पाण्यात हे विरघळलेले खानदेश असते. नर्मदा, तापी आणि वैनगंगेच्या पाण्याची तपासणी करून फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये दख्खनच्या खडकाची झीज किती कार्बन ओढून घेते याचा अंदाज मांडला होता. बेसाल्ट इतर बऱ्याच खडकांपेक्षा लवकर झिजतो, म्हणून जगाच्या कार्बनच्या हिशेबात दख्खनला त्याच्या क्षेत्रफळापेक्षा मोठे स्थान आहे. एकट्या तापीचे पाणी एखाद्या प्रवाळभित्तीला वाचवते असे कोणी म्हणणार नाही. पण पृथ्वीवरच्या साऱ्या नद्यांनी लाखो वर्षे हे आणून ओतले, त्यातून समुद्राला आम्ल पचवण्याची ताकद आली. रसायनात तिला अल्कता म्हणतात.

अल्कता मोजायला जहाज लागत नाही. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात विहिरीचे पाणी शंकुपात्रात घेऊन, मिथिल ऑरेंजचे थेंब टाकून, ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडत पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत जे अनुमापन करतात, तेच ते. समुद्राच्या पाण्याची अल्कता साधारण २.३ मिलिमोल प्रति किलो असते. पाण्याच्या अहवालातल्या भाषेत लिटरला सुमारे ११५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. खानदेशातल्या कित्येक विहिरी आणि कूपनलिका याबाबतीत समुद्रालाही मागे टाकतात. हंड्याच्या तळाशी धरणारा पांढरा थर त्याचीच खूण.

हाच पांढरा थर ठिबकच्या नळ्यांत बसतो, तेव्हा रावेर-यावलचा केळी बागायतदार जे करतो ते या पुस्तकाच्या विषयाच्या फार जवळचे आहे. ड्रिपर चोंदले की पाणी सारखे पडत नाही, काही झाडे मागे राहतात. मग ॲसिड ट्रीटमेंट. व्हेंचुरीतून ॲसिड मुख्य वाहिनीत सोडायचे, शेवटच्या ड्रिपरमधून येणाऱ्या पाण्याला पीएच पेपर लावत राहायचे, सामू (म्हणजे पीएच) चारच्या आसपास उतरला की पंप बंद करायचा. चोवीस तास ते पाणी नळ्यांत राहू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी एंड कॅप उघडून नळ्या धुऊन काढायच्या. चोंदलेला ड्रिपर कापून त्यावर ॲसिडचा थेंब टाकला, तर फसफस होते आणि चुना निघून जातो. तो चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळाचा सांगाडाही त्याचाच, फक्त स्फटिकाची रचना ॲरागोनाइटची. बागायतदाराला चुना नको असतो, म्हणून तो सामू खाली आणतो. आपण समुद्राचा सामू खाली आणतो आहोत, आणि तिथे त्या चुन्यावर लाखो जीवांची वस्ती उभी आहे.

मात्र ही तुलना इथेच थांबवली पाहिजे, कारण तिच्यातून एक गैरसमज होतो आणि तो वर्तमानपत्री लेखांतून वारंवार दिसतो. समुद्राचे पाणी लिंबासारखे आंबट होणार नाही. औद्योगिक काळापूर्वी पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२ होता, आज तो ८.१ च्या खाली चालला आहे. सात हा मध्यबिंदू अजून दूर आहे आणि समुद्र तिथवर जाण्याची शक्यता नाही. पण सामूचे माप लघुगणकी आहे. ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत जवळजवळ २६ टक्के वाढ. हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दशलक्ष भागांत २८० होता, तो ४२० च्या पुढे गेला आहे, आणि आपण सोडलेल्यापैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र दरवर्षी शोषून घेतो.

आत घडते ते असे. समुद्रात विरघळलेल्या कार्बनचा जवळजवळ नव्वद टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो, दहाएक टक्के कार्बोनेटच्या, आणि एक टक्क्याहून कमी मोकळ्या कार्बन डायऑक्साइडच्या. नवा वायू पाण्यात शिरला की हायड्रोजन आयन सुटतात. ते हाताशी असलेल्या कार्बोनेटला पकडतात आणि त्याचे बायकार्बोनेट करतात. प्रवाळाला बांधकामासाठी कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही हवीत. कॅल्शियमची समुद्रात ददात नाही, लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम आहे. तुटवडा पडतो तो कार्बोनेटचा. ॲरागोनाइटच्या बाबतीत पाणी किती संपृक्त आहे हे एका गुणोत्तराने सांगतात; उष्ण कटिबंधातल्या समुद्रात ते औद्योगिक काळापूर्वी साडेचारच्या आसपास होते आणि ते घसरत आले आहे. एकाच्या खाली सांगाडा आपोआप विरघळू लागतो. पण प्रवाळभित्ती जोमाने वाढण्यासाठी तीनाच्या वरचे पाणी लागते, म्हणजे अडचण विरघळण्याच्या खूप आधी सुरू होते.

आणखी एक समज दूर करतो. प्रवाळ चुना बनवतात म्हणजे हवेतला कार्बन गिळतात, असे लिहिलेले अनेकदा वाचायला मिळते. अभिक्रिया उलटी सांगते: दोन बायकार्बोनेट आणि एक कॅल्शियम यांतून एक भाग चुना होतो आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. प्रवाळभित्ती राखाव्यात त्या मासळीसाठी, किनारा लाटांपासून वाचवण्यासाठी, आणि त्या स्वतःच राखण्याजोग्या आहेत म्हणून. कार्बन साठवण्याचे काम त्यांच्यावर लादू नये.

या शास्त्राची वाढ संथ झाली. अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्येच दाखवले होते की जगात कुठलेही समुद्राचे पाणी घ्या, मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण बदलत नाही. चॅलेंजर जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून आणलेल्या पाण्यांपैकी ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये ते पक्के केले. सामूचे माप आले ते १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या सोरेन्सन यांच्याकडून. मद्यनिर्मितीच्या गरजेतून जन्मलेले हे माप पुढे समुद्राची प्रकृती सांगू लागले. तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समज असाच होता की समुद्र आपला सगळा धूर निमूटपणे पिऊन टाकेल. १९५७ मध्ये रॉजर रेव्हेल आणि हान्स सूस यांनी त्याला तडा दिला. समुद्राचे रसायनच जादा वायूला अडवते, हे त्यांनी दाखवले, आणि माणूस पृथ्वीवर एक प्रचंड प्रयोग करतो आहे असा इशारा दिला. पुढच्याच वर्षी चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची नोंद सुरू केली. १९८८ पासून हवाई आणि बर्म्युडाजवळच्या ठराविक जागी समुद्राचे पाणीही नियमित तपासले जाऊ लागले, आणि सामूची उतरण आलेखावर डोळ्यांना दिसू लागली. आज ज्या नावाने हा विषय ओळखला जातो ते महासागरी आम्लीकरण २००३ मध्ये केन कॅल्डेरा आणि मायकेल विकेट यांच्या लेखातून रूढ झाले; २००५ च्या रॉयल सोसायटीच्या अहवालाने ते धोरणकर्त्यांपर्यंत पोचवले.

प्रवाळांच्या संदर्भात अभ्यासकांची तोंडे तीन दिशांना आहेत, आणि त्यांच्यातला वाद समजल्याशिवाय विषय समजत नाही. पहिली वाट रसायनाची. १९९९ मध्ये जोन क्लेपास आणि सहकाऱ्यांनी संपृक्ततेच्या हिशेबावरून सांगितले की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर प्रवाळांची चुना रचण्याची गती बरीच घटेल. हा युक्तिवाद स्वच्छ आहे. त्यात प्रवाळ मात्र जवळजवळ निर्जीव भांडे ठरतो.

दुसरी वाट जीवशास्त्राची. प्रवाळाच्या ऊतीखाली आणि सांगाड्याच्या वर अत्यंत पातळ जागेत एक द्रव असतो, आणि तिथून प्रवाळ हायड्रोजन आयन उपसून बाहेर टाकतो. आतला सामू बाहेरच्यापेक्षा वर राखतो आणि मगच चुना रचतो. बाहेरचे पाणी बिघडले तरी तो तग धरू शकतो, पण उपसा वाढला की ऊर्जाही जास्त लागते. ती ऊर्जा त्याला बहुतांशी ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले पुरवतात. पाणी तापले की हीच शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो, ज्याला विरंजन म्हणतात. खर्च वाढवणारे संकट एकीकडून आणि मिळकत तोडणारे दुसरीकडून, असा हा दुहेरी मार आहे. आम्लीकरण आणि विरंजन एक नव्हेत, तरी ती वेगळी काढून चालत नाहीत.

तिसरी वाट प्रत्यक्ष समुद्रात उतरणाऱ्यांची. पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी येतो. तिथे कॅथरिना फॅब्रिसियस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नोंदवले की सामू उतरेल तशा नाजूक फांद्यांच्या प्रवाळजाती नाहीशा होतात आणि गोलमटोल पोरायटीस उरतात. ऑस्ट्रेलियाच्या वन ट्री बेटावर रेबेका अल्ब्राइट यांच्या गटाने उलटा प्रयोग केला: प्रवाळभित्तीवरच्या पाण्याला थोडी अल्कता देऊन ते जुन्या काळासारखे केले, आणि २०१६ मध्ये जाहीर केले की चुन्याची रचना सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. नुकसान उद्याचे नाही, आजच चालू आहे, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नसेल. उलट पलाऊच्या खाड्यांत मुळातच कमी सामूच्या पाण्यात भरघोस प्रवाळ आढळले आहेत. तिन्ही वाटांचे लोक इथे घुटमळतात, आणि त्या घुटमळण्याला पुस्तकाने मुद्दाम जागा दिली आहे.

भूशास्त्रज्ञ जुन्या काळाचे दाखले देतात. डायनोसॉर संपले तेव्हाच्या सूक्ष्म जीवांच्या कवचांतले बोरॉनचे समस्थानिक तपासून २०१९ मध्ये असा निष्कर्ष निघाला की तेव्हा समुद्राचा सामू झपाट्याने उतरला तो अशनीच्या आघाताने. त्याआधी दख्खनच्या ज्वालामुखीमुळे हळूहळू आम्लीकरण झाल्याची खूण सापडली नाही. खानदेशच्या वाचकाने याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. दख्खनच्या लाव्ह्यातूनही कार्बन अमाप बाहेर पडला, पण तो लाखो वर्षांत. तेवढ्या अवधीत खडकांची झीज आणि समुद्रतळाचा चुना समुद्राला सावरून घेतात. आपण कार्बन सोडतो आहोत तो दोनशे-अडीचशे वर्षांत. वेगातला हा फरकच सारे काही ठरवतो, आणि हे पुस्तक हीच एक गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी सांगते.

आपल्या समुद्राविषयी. पणजीजवळच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली, आणि अरबी समुद्राच्या कार्बनविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे तिच्या कामातून आले. १९९० च्या दशकातल्या मोहिमांतून दिसले की अरबी समुद्राचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड घेण्याऐवजी हवेत सोडतो, कारण मोसमी वारे खोल पाणी वर आणतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत केरळ ते गोवा आणि त्याच्याही उत्तरेला किनाऱ्यालगत असे पाणी चढते. त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन जास्त असतो. गोव्यातल्या कांदोळीसमोर ही संस्था १९९७ पासून नियमित नमुने घेत आली आहे.

महाराष्ट्रातले प्रवाळ या पाण्याच्या शेजारी राहतात. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोरायटीस, टर्बिनेरिया, फेविटीस अशा जाती आहेत. पर्यटकांची गर्दी, होड्यांचे नांगर, पावसाळी गाळ आणि उन्हाळी उष्मा यांच्या मधोमध त्या तग धरून आहेत, आणि तिथल्या विरंजनाच्या नोंदी शास्त्रज्ञांनी केल्या आहेत. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. नद्यांच्या गाळापासून दूर असल्याने पाणी नितळ आणि प्रवाळ समृद्ध. उत्तरेला कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तापी जिथे समुद्राला मिळते त्या खंभातच्या आखातात मात्र पाणी इतके गढूळ की प्रवाळांना उजेडच मिळत नाही. जी नदी समुद्राला अल्कता पुरवते, तीच मुखाजवळ गाळाने प्रवाळांना जागा नाकारते.

हा विषय आज का? एप्रिल २०२४ मध्ये जगातले चौथे जागतिक प्रवाळ विरंजन जाहीर झाले. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ नंतर पुन्हा तो फटका खाल्ला. आज प्रवाळ मारते आहे ती मुख्यतः उष्णता, आणि आम्लीकरणाच्या काळजीपोटी हे झाकून ठेवणे चुकीचे होईल. पण उष्णतेने मेलेली भित्ती पुन्हा उभी राहायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत चुना किती वेगाने रचला जाईल हे पाणी ठरवते. आम्लीकरणाचा घाव तिथे बसतो, उभारीवर.

खानदेश यात फक्त प्रेक्षक नाही. भुसावळजवळच्या दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र कोळसा जाळते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि सौर प्रकल्पही उभा आहे. दोन्ही बाजू आपल्याच जिल्ह्यांत आहेत. अलीकडे बेसाल्टची भुकटी शेतात पसरून झीज वेगाने घडवायची आणि हवेतला कार्बन नदीवाटे समुद्रात अल्कतेच्या रूपात पाठवायचा, अशी कल्पना पुढे आली आहे. भारतातल्या भातशेतीत हे काम करणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला २०२५ मध्ये ५ कोटी डॉलरचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. क्रशरची काळी डस्ट आपल्याकडे ढिगांनी पडलेली असते, त्यामुळे इथल्या शेतकऱ्यांपर्यंत ही गोष्ट आज ना उद्या येणारच. या कल्पनेबद्दल मला आस्था आहे, पण कोळसा जाळत राहण्याचा परवाना म्हणून कोणी ती विकू पाहील तर मी विरोध करीन. खडक भुकटी करायला, वाहून न्यायला इंधन लागते. आणि मातीत प्रत्यक्ष किती कार्बन बांधला गेला हे मोजणे अजून कठीण आहे.

पुस्तकाचा आवाका ठरवताना लेखकांनी एक निवड केली, तिला माझा पाठिंबा आहे. मासे, शंख-शिंपले, ध्रुवीय समुद्रातले जीव यांच्यावरचे परिणाम त्यांनी जवळजवळ वगळले आणि प्रवाळांच्या अधिवासावर लक्ष ठेवले. समीकरणे टाळलेली नाहीत, पण प्रत्येक समीकरणाला इथल्या पाण्याचा आधार दिला आहे. शेवटच्या भागात सुचवलेले प्रयोग कुठल्याही तालुक्याच्या महाविद्यालयात करता येतील: चांगदेवच्या संगमावरचे पाणी, हतनूर धरणाचे पाणी, एखाद्या बागायती विहिरीचे पाणी आणि सहलीहून बाटलीत आणलेले मालवणचे पाणी, चारही एकाच दिवशी अनुमापन करून पाहावीत. समुद्राच्या नमुन्याची बाटली काठोकाठ भरावी, बुचाखाली हवा राहू देऊ नये आणि ती सावलीत थंड ठेवावी, नाहीतर वाटेतच सामू बदलतो. मग त्याच चार पाण्यांत नळीने फुंकर घालून सामू पुन्हा मोजावा. कुठले पाणी किती उतरते आणि का, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे. पुस्तकात ते मुद्दाम दिलेले नाही.